सही करण्याआधी जरा बसून बोलू

पालकहो, आपल्याकडच्या घरांत हल्ली एक नवं वाक्य ऐकू येऊ लागलं आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो, कॉलेजात प्लेसमेंटच्या कंपन्या यायला लागलेल्या असतात आणि एका रात्री जेवताना तो सांगतो, "मी प्लेसमेंटला बसणार नाही. विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये आमच्या टीमचं सिलेक्शन झालंय." किंवा पीएचडीचा प्रबंध सादर करत आलेली मुलगी फोनवर म्हणते, की ती पोस्ट-डॉकला परदेशी जाणार नाही, प्रयोगशाळेत जे हाती लागलंय त्यावर कंपनी काढणार आहे. तुमच्या पोटात गोळा येतो. चार वर्षांची फी, हॉस्टेलचा खर्च, शैक्षणिक कर्ज, लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांचं "कुठं लागला मग?" हे सगळं एकदम डोळ्यांपुढं उभं राहतं. तुमची ही काळजी मला समजते आणि ती अगदी रास्त आहे.

मी अशाच एका विद्यापीठ-केंद्रात मेंटॉर म्हणून काम करतो. मुलांशी माझं रोज बोलणं होतं, तुमच्याशी मात्र फार कमी. तुम्ही केंद्रात येता ते बक्षीस समारंभाला, नाहीतर काही बिनसल्यावर. या दोन्हींच्या मधला जो मोठा काळ असतो, तेव्हा तुमच्याशी चार गोष्टी बोलायला हव्या होत्या असं वारंवार वाटतं. म्हणून हे लिहितो आहे.

हे केंद्र म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना 2016च्या विद्यापीठ कायद्यानं नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्य यांसाठी वेगळं मंडळ दिलं, आणि त्यातून बऱ्याच विद्यापीठांत अशी केंद्रं उभी राहिली. त्याआधीपासूनही हे काम चालू होतंच. मुंबई आयआयटीतलं 'साइन' 2004पासून आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर 2007पासून आहे. केंद्र मुलांना बसायला जागा देतं, थ्रीडी प्रिंटरपासून सूक्ष्मदर्शकापर्यंतची यंत्रं वापरायला देतं, सीए आणि पेटंटवाल्यांशी गाठ घालून देतं, कंपनीच्या नोंदणीसाठी पत्ता देतं आणि सरकारी अनुदानाच्या दारापर्यंत नेतं. पगार देत नाही. ग्राहक मिळवून देत नाही. कंपनी चालेलच अशी हमी तर कुणीच देऊ शकत नाही.

अनुदानाचे आकडे मुलं घरी फार उत्साहानं सांगतात, म्हणून त्यांचा अर्थ लावून देतो. केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी' कार्यक्रमातल्या 'प्रयास' योजनेत नमुना यंत्र बनवायला 10 लाख रुपयांपर्यंत मिळतात. त्याच कार्यक्रमात पूर्णवेळ उतरणाऱ्या नव्या पदवीधराला दरमहा 30 हजार रुपयांपर्यंत विद्यावेतन देणारी योजना आहे. जैवतंत्रज्ञानात काम असेल, तर 'बायरॅक' या सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान 50 लाखांपर्यंत जातं. 2021मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडातून कल्पना सिद्ध करून दाखवायला 20 लाखांपर्यंत मिळू शकतात. हे पैसे परत करायचे नसतात, पण विद्यावेतन सोडलं तर ते मुलाच्या खिशातही येत नसतात. टप्प्याटप्प्यानं येतात, ठरलेलं काम दाखवल्यावर येतात आणि पै-पैचा हिशोब उपयोगिता प्रमाणपत्रात द्यावा लागतो. हप्ता लांबतोही. त्यामुळे "दहा लाख मंजूर झाले" हे ऐकून पेढे जरूर वाटा, फक्त त्या पैशांवर घरखर्चाचं गणित मांडू नका.

आता मोठ्या उदाहरणांबद्दल. ती तुम्हीही ऐकली असतील, कारण मुलं ती पुन्हा पुन्हा सांगतात. मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी 2007 साली 'आयडियाफोर्ज' ही ड्रोन बनवणारी कंपनी काढली, ती 'साइन'मध्ये वाढली. 2009च्या 'थ्री इडियट्स'मध्ये उडताना दिसलेला ड्रोन त्यांचाच. कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली ती जुलै 2023मध्ये. मद्रास आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुण मेहता आणि स्वप्निल जैन यांनी 2013 साली 'एथर' सुरू केली. सुरुवातीला त्यांना नुसते बॅटरी पॅक बनवायचे होते. त्या वेळच्या विजेच्या स्कूटरी इतक्या कमकुवत निघाल्या, की आख्खी स्कूटरच नव्यानं बनवायची ठरली. ती ग्राहकाच्या हातात पडली 2018मध्ये. आता छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना उभारण्याचं त्यांनी जाहीर केलं आहे, त्यामुळे मराठवाड्यातल्या मुलांच्या तोंडी हे नाव जास्तच असतं.

संशोधक मुलांच्या आईवडिलांना मी तिसरं उदाहरण सांगतो, आणि ते मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार, त्यांच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणारे विद्यार्थी आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी-उपचारपद्धती इथं विकसित केली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करून कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या 'ॲक्ट्रेक' केंद्रात 2021 साली पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. ऑक्टोबर 2023मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता आली आणि एप्रिल 2024मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. अमेरिकेत या उपचाराला जो खर्च येतो, त्याच्या साधारण दहाव्या भागात तो इथं मिळू लागला. 'इम्युनोॲक्ट' नावाची ही कंपनीही 'साइन'च्याच आसऱ्यानं उभी राहिली. प्रबंध लिहून कपाटात गेला असता, तर यातलं काहीच झालं नसतं.

तिन्ही गोष्टींतली वर्षं पाहा. एका कंपनीला बाजारात नोंदणी व्हायला सोळा वर्षं लागली. दुसरीची पहिली गाडी विकली जायला पाच वर्षं गेली. तिसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळेतल्या कामापासून मान्यतेपर्यंत जवळजवळ दशक उलटलं. मुलं शेवटाकडून गोष्ट सांगतात, तुम्ही त्यांना मधल्या वर्षांबद्दल विचारा. "त्या पाच वर्षांत ते जेवत कुठं होते, भाडं कोण भरत होतं?" हा प्रश्न खवचटपणे न विचारता खऱ्या कुतूहलानं विचारलात, तर मूल तुमच्याशी मोकळेपणानं बोलायला लागेल, आणि बरेचदा त्यानं स्वतः त्याचा विचार केलेला नसतो हेही त्याच्या लक्षात येईल.

केंद्रात येणाऱ्या बहुतेक कल्पना कंपनी म्हणून टिकत नाहीत. हे मी मुलांपासून लपवत नाही आणि तुमच्यापासूनही लपवणार नाही. माझ्या मते विद्यापीठाच्या केंद्राचा खरा उपयोग इथंच आहे. जी कल्पना चालणार नाही, ती लवकर आणि कमी खर्चात कळते. तेच बाहेर, कर्ज काढून, गाळा भाड्यानं घेऊन कळायला किती पैसा आणि उमेद जाते, हे धंद्यात हात पोळलेल्या घरांना विचारा.

आमच्याकडच्या एका टीमनं गायीच्या गळ्यात बांधायचा पट्टा बनवला होता. गाय माजावर आली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना जाणार. कल्पना चांगली, मुलं हुशार. महिनोन्‌महिने ती ॲपचे रंग आणि तक्ते सुधारत केंद्रातच बसली. मी त्यांना मागं लागून गोठ्यावर पाठवलं. तिथं एका शेतकऱ्यानं पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "चांगलाय की. पण माझ्या गोठ्यात मोबाइलला रेंज येते का, ते बघितलंत?" मुलं त्या दिवशी गप्प परत आली. पुढं त्यांनी पट्टा बदलला, ती दूध संघाकडे गेली, काही पट्टे विकले गेले, पण कंपनी चालवण्याइतकी विक्री झाली नाही आणि त्यांनी ती थांबवली. त्यातल्या एकाला पुढं शेतीच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत त्याला गुणपत्रिकेपेक्षा त्या पट्ट्याबद्दलच जास्त विचारलं गेलं. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण ती दीड-दोन वर्षं वाया गेली असं त्याच्या वडिलांना आज वाटत नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं आहे मुदत ठरवण्याबद्दल. शेतात बोअर घेताना आपण गाडी बोलावण्याआधीच ठरवतो, की इतक्या फुटांपर्यंत पाणी लागलं नाही तर थांबायचं. एकदा मशीन सुरू झालं की "अजून वीस फूट, अजून वीस फूट" असं होतं आणि माणूस कर्जात जातो. इथंही तसंच. सुरुवातीलाच, सगळे आनंदात असताना, मुलाशी बसून ठरवा: किती महिने, आणि त्या महिन्यांत काय झालं तर पुढं जायचं. "कंपनी मोठी झाली तर" असं मोघम नको. "ओळखीबाहेरच्या दहा जणांनी पैसे देऊन वस्तू घेतली तर", "अनुदानाचा दुसरा टप्पा मिळाला तर", "रुग्णालयानं चाचणीला परवानगी दिली तर" असं काहीतरी मोजता येणारं हवं. कागदावर लिहा, दोघांनी एकेक प्रत ठेवा. आणि एकदा मुदत दिलीत की ती संपेपर्यंत दर रविवारी "मग, काय ठरलं?" विचारू नका. मुदतीचा खरा फायदा तोच आहे: त्या काळापुरतं घर शांत राहतं.

सॉफ्टवेअरला वर्षभर पुरतं. यंत्राला दीड-दोन वर्षं लागतात. औषध किंवा वैद्यकीय उपकरण असेल, तर याहून बराच जास्त काळ जातो आणि तिथं केंद्रातल्या तज्ज्ञांना विचारूनच मुदत ठरवा. शैक्षणिक कर्ज असेल, तर अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरानं हप्ते सुरू होतात, ती तारीख त्या कागदावर आधी लिहा. घरात दुसरं कुणी कमावतं नसेल आणि हप्ता मुलाच्याच पगारावर अवलंबून असेल, तर तेही त्याला सरळ सांगा. मुलं समजून घेतात. न सांगता आतल्या आत कुढणारे वडील मी पाहिलेत, आणि दोन वर्षांनी ते कळल्यावर ढसाढसा रडलेला मुलगाही पाहिलाय.

हे सगळं शिक्षण चालू असताना करता आलं, तर सगळ्यात उत्तम. हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं 2019मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी नवोन्मेष व स्टार्टअप धोरण आणलं. त्यात विद्यार्थ्याला वार्षिक प्रकल्पाऐवजी स्वतःच्या स्टार्टअपवर काम करण्याची, परवानगीनं हजेरीत सवलत घेऊन परीक्षेला बसण्याची, गरज पडल्यास सत्राची किंवा वर्षाची रजा घेऊन पुन्हा अभ्यासक्रमात परतण्याची सोय सुचवली आहे. प्रत्येक कॉलेज ते पाळतंच असं नाही, पण धोरण दाखवून मागता येतं. काही आयआयटींमध्ये कंपनी काढणाऱ्याला प्लेसमेंटची संधी एक-दोन वर्षांनी घेण्याची मुभाही आहे. दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी "मला केंद्रात जायचंय" म्हणाली, तर "आधी डिग्री पूर्ण कर" हे आपलं नेहमीचं उत्तर लगेच देऊ नका. त्या वयात तिच्यावर ना हप्ता आहे, ना घरभाडं. प्रयोग करून पाहायला याहून स्वस्त काळ तिच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही.

आता पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. मुलाला दोन वेळचं जेवण, डोक्यावर छप्पर, मोबाइलचं रिचार्ज, बसचा पास एवढं ठरलेल्या मुदतीपर्यंत तुम्ही देऊ शकत असाल तर द्या, आणि उपकाराची भाषा न करता द्या. पण भविष्य निर्वाह निधी काढून, सोनं गहाण ठेवून, गावाकडची गुंठेवारी विकून धंद्यात पैसा घालू नका. माझं हे मत ठाम आहे. तुमच्या म्हातारपणाची सोय जाते, हे एक कारण झालंच. दुसरं कारण त्या कंपनीच्या भल्याचं आहे. घरचा पैसा आला की मूल ग्राहकाकडे जायचं टाळतं. वस्तू विकली जात नाही ही बातमी त्याला मिळायला हवी त्या वेळी मिळत नाही. अनुदान देणारी समिती चार वेळा नकार देते, त्या प्रत्येक नकारात काहीतरी शिकण्यासारखं असतं. बाबांनी लगेच दिलेल्या पाच लाखांत ते शिकणं बुडतं.

सगळ्यात जास्त वेळ मला ज्यावर बोलायचंय, ते आहे कागद.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कायद्यानं किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. एकट्यानं सुरुवात करणारा मुलगा मग आईचं किंवा बाबांचं नाव घालतो. पॅन, आधार, फोटो मागतो. डिजिटल सहीसाठी मोबाइलवर ओटीपी येतो, आई तो वाचून दाखवते आणि त्या दिवशी ती एका कंपनीची संचालक होते. बहुतेक आयांना आपण नक्की काय झालो, ते कुणी सांगितलेलंच नसतं. संचालक हे कायदेशीर पद आहे. कंपनीनं वर्षभरात एक रुपयाचाही धंदा केला नाही, तरी हिशोबाचं ऑडिट करून घ्यावं लागतं आणि कंपनी निबंधकाकडे दरवर्षी हिशोबपत्रं आणि वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागं दिवसाला 100 रुपये जादा शुल्क चढतं, आणि त्याला वरची मर्यादा नाही. सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत, तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. मुलाला उद्या दुसरी, खरी चालणारी कंपनी काढायची असेल, तर ही अपात्रता त्याच्या आड येते.

वडील सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असतील, तर आणखी सावध राहा. वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसायात भाग घेता येत नाही. मुलाच्या कौतुकापोटी केलेली एक सही निवृत्तीच्या तोंडावर चौकशी ओढवून घेऊ शकते. अशा वेळी एकाच व्यक्तीची कंपनी काढण्याचा पर्यायही कायद्यात आहे, त्यात संचालक आणि भागधारक एकच असतो आणि दुसऱ्या कुणाचं फक्त नॉमिनी म्हणून नाव द्यावं लागतं. सीएला विचारा, त्याची फी द्या. ती फी वाचवण्यात शहाणपण नाही.

आणि मुळात कंपनी काढायची घाई कशाला? 'प्रयास'सारख्या योजनेत व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. पहिली ऑर्डर हातात येईपर्यंत किंवा अनुदानासाठी तशी अट पुढं येईपर्यंत नोंदणी लांबवली, तर काही बिघडत नाही. व्हिजिटिंग कार्डावर 'सीईओ' छापायची हौस या वयात असते, ती मी समजू शकतो, पण त्या हौसेपोटी दरवर्षी सीए आणि ऑडिटचा खर्च सुरू होतो. काम थांबलं असेल, तर कंपनी रीतसर बंदही करावी लागते. देणी फेडून, अर्जासोबत 10,000 रुपये शुल्क भरून तिचं नाव निबंधकाच्या नोंदीतून काढून घेता येतं. नुसतं कुलूप लावून विसरून जाणं चालत नाही. एक दिलासा मात्र आहे: कंपनी मर्यादित असल्यानं तिचं कर्ज तुमच्या घरापर्यंत येत नाही, जोवर तुम्ही वैयक्तिक हमी लिहून दिलेली नाही. हमीपत्रावर सही मागितली गेली, तर तिथं थांबा आणि वकिलाला दाखवा.

भागीदार मित्रांबद्दल थोडंसं. चार मित्र, चार समान वाटे, आणि लेखी काही नाही, असं फार दिसतं. वर्षानं एकाला नोकरी लागते, तो जातो, वाटा तसाच राहतो. कोण किती वेळ देणार आणि सोडून गेला तर वाट्याचं काय, हे पहिल्याच महिन्यात लिहून घ्यायला सांगा. केंद्रसुद्धा कंपनीत वाटा मागू शकतं. 2019च्या धोरणात तो 2 ते 9.5 टक्क्यांच्या दरम्यान सुचवला आहे. त्याहून खूप जास्त कुणी मागत असेल, तर का, हे विचारायला संकोच करू नका.

ज्यांची मुलं संशोधक आहेत, त्यांना पेटंटचं एक सांगतो. शोधनिबंध आधी छापला किंवा परिषदेत सगळं सांगून टाकलं, तर नंतर पेटंट मिळणं जवळजवळ अशक्य होतं. आधी तात्पुरता अर्ज करायचा, मग बोलायचं. पूर्ण अर्जाला पुढं बारा महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा शिक्षणसंस्थेसाठी ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क 1,600 रुपये आहे, एजंटची फी वेगळी. विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि पैसा वापरून झालेल्या कामावर विद्यापीठाचाही हक्क असतो, तेव्हा गाईडशी आणि विद्यापीठाशी परवाना-करार कसा होणार, हे मुलीनं आधीच विचारून ठेवायला हवं. गाईडला दुखवायचं नाही म्हणून ही गोष्ट टाळली जाते, आणि पुढं तेच नातं कडू होतं.

मुलींच्या घरी एक विषय जास्तीचा असतो. पीएचडी होईपर्यंत ती एकोणतीस-तीस वर्षांची झालेली असते. नोकरी असेल तर स्थळांना सांगायला सोपं जातं. "कंपनी काढतेय" म्हटलं की समोरचे विचारतात, "म्हणजे सध्या घरीच असते का?" त्या प्रश्नानं तुम्ही खजील होता आणि नकळत तिच्यावर चिडता. मी अशा मुलींना रात्री उशिरापर्यंत पेशींच्या वाढीच्या नोंदी घेताना पाहतो. त्यांच्याइतकं चिकाटीनं काम करणारं मला केंद्रात क्वचितच कुणी दिसलं आहे. ती काय करते हे दोन वाक्यांत तिच्याकडून समजून घ्या आणि लोकांना तसंच सांगा: आमची मुलगी अमुक आजाराची तपासणी स्वस्तात करणारी किट बनवते. तुम्ही ताठ मानेनं सांगितलंत की समोरचा माणूसही वेगळ्या नजरेनं ऐकतो. रात्री परतण्याची सोय, हॉस्टेलची वेळ, केंद्रात सुरक्षारक्षक आहे का, हेही जरूर विचारा. ती काळजी योग्यच आहे आणि केंद्रानं त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

सगळी केंद्रं सारखी नसतात, हेही तुम्हाला सांगायलाच हवं. काही ठिकाणी दारावर पाटी आहे, काचेची खोली आहे, रंगीत खुर्च्या आहेत आणि मूल्यांकन समिती येते तेव्हाच दिवे लागतात. ओळखायचं कसं? संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा, कुणी काम करतंय का. यंत्रांवर धूळ आहे की तेलाचे डाग आहेत, ते बघा. तिथल्या जुन्या मुलांना विचारा, मेंटॉर शेवटचा कधी भेटला. ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांची नावं केंद्र मोकळेपणानं सांगतं का, ते पाहा. फक्त यशाचेच फोटो भिंतीवर असतील आणि बंद पडलेल्यांबद्दल कुणी बोलायलाच तयार नसेल, तर मी माझ्या मुलाला तिथं घालायच्या आधी दोनदा विचार करीन. जिल्ह्याच्या ठिकाणचं छोटं केंद्र असेल, चारच यंत्रं असतील, पण तिथला एखादा प्राध्यापक मुलांना घेऊन स्वतः बाजार समितीत, रुग्णालयात, एमआयडीसीत फिरत असेल, तर ते केंद्र चांगलं आहे असं खुशाल समजा.

आणि तुमचीही मदत होऊ शकते, पैशांवाचूनची. बाबा एसटीत आहेत, मामा द्राक्षबागायतदार आहेत, मावशी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, काकांचं भोसरीत वर्कशॉप आहे. मुलं ज्यांच्यासाठी वस्तू बनवतात, ती माणसं तुमच्या ओळखीत असतात आणि मुलांना ते सुचतही नाही. त्यांना या लोकांकडे घेऊन जा. फक्त एक करा, ओळखीपोटी कुणाला वस्तू विकत घ्यायला लावू नका. त्यांना खरं मत सांगू द्या, ते कितीही लागलं तरी.

नव्या तुकडीसाठी केंद्रं अर्ज मागवतात, तेव्हा मुलानं किंवा मुलीनं फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढून त्याच्यासोबत किंवा तिच्यासोबत केंद्रात या. मेंटॉरची वेळ मागून घ्या, हा तुमचा हक्क आहे. मुदत काय धरावी, घरातून किती खर्च येईल, कंपनी खरंच आत्ता काढायची का आणि तिच्या कागदांवर कुणाची नावं जाणार, हे मुलासमोरच विचारा. अशा भेटीला बरेचदा वडील एकटे येतात, आणि कंपनीच्या कागदावर नाव असतं आईचं. दोघंही या.